मोटारीचे शुल्क आणि शाळेची वाट

कॅलिफोर्निया राज्यात मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला वर्षातून एकदा राज्याच्या मोटार खात्याकडून एक मागणीपत्र येते, आणि त्या मागणीपत्रात नोंदणीचे शुल्क, मोटारीच्या किमतीवर बसणारा परवाना-आकार, महामार्ग पोलिसांसाठी घेतला जाणारा आकार अशा नाना रकमांच्या रांगेत, सहसा कोणाचे लक्ष जाऊ नये अशा ठिकाणी, कौंटीच्या नावाने घेतली जाणारी एक लहानशी रक्कमही नमूद केलेली असते. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा मुलकी विभाग. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती अशा नऊ कौंट्या वसल्या आहेत. त्यांपैकी पाच कौंट्यांतील वाहनधारक २०११ सालापासून दर मोटारीमागे दरसाल दहा डॉलर्स या सदराखाली भरत आले आहेत, आणि सनीव्हेल, फ्रीमाँट यांसारख्या गावी संगणकाच्या व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबेही त्यांत ओघानेच आली. या दहा डॉलरांपैकी काही भाग, ज्यांना मोटार चालवता येत नाही आणि पुढील कित्येक वर्षे येणारही नाही अशा एका वर्गाच्या, म्हणजे पायी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या, वाटेवर खर्च होतो. रक्कम क्षुल्लक आहे. परंतु ती कोणाकडून घ्यावी, कोणत्या न्यायाने घ्यावी आणि कशावर खर्चावी, याविषयी तेथे जो खल झाला तो क्षुल्लक नव्हता.

अमेरिकेतील मुले एके काळी शाळेत चालत जात असत, हे आता तेथील मुलांनाही सांगावे लागते. १९६९ साली पाच ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी, म्हणजे सुमारे ४८ टक्के, पायी किंवा सायकलीने शाळेत जात. २००९ साली हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. या ऱ्हासाची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. नगरे पसरली, वस्तीतील लहान शाळा मोडून गावकुसाबाहेरच्या स्वस्त जमिनीवर मोठ्या शाळा उभ्या राहिल्या, रस्ते रुंद झाले आणि रुंद रस्त्यांवर मोटारींचा वेग आपोआप वाढला, आणि आईबाप दोघेही नोकरीवर जाऊ लागल्यामुळे मुलाला शाळेच्या दारी उतरवून तसेच पुढे निघून जाणे सर्वांनाच सोयीचे वाटू लागले. रस्त्यावर मोटारी फार म्हणून आई मुलाला मोटारीने पोचवते. ती पोचवते म्हणून शाळेपुढे आणखी एक मोटार वाढते. आणि ती वाढलेली मोटार पाहून शेजारीणही आपल्या मुलाला उद्यापासून पायी न धाडण्याचा निश्चय करते. यात प्रत्येकीचे वागणे स्वतःपुरते शहाणपणाचेच असते, आणि सर्वांचे मिळून जे होते ते मात्र कोणालाच नको असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, सुवर्णद्वाराचा प्रसिद्ध पूल ओलांडला की लागणाऱ्या मरिन कौंटीत जेव्हा याचा हिशेब झाला, तेव्हा सकाळच्या गर्दीतील सुमारे पाचवा हिस्सा वाहतूक केवळ मुलांना शाळेत पोचवण्याची आहे असे दिसून आले.

वेगाचे गणित याहून कठोर आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या वाहतूक-सुरक्षा प्रतिष्ठानाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे ताशी २३ मैलांच्या, म्हणजे ३७ किलोमीटरांच्या, वेगाने जाणाऱ्या मोटारीची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा संभव सरासरीने दहांत एक असतो. तोच वेग ४२ मैलांवर, म्हणजे ६८ किलोमीटरांच्या आसपास, गेला की दोहोंत एक होतो. शाळेजवळच्या रस्त्याचा कोपरा थोडा आवळून वाहनाला वळताना वेग उतरवण्यास भाग पाडणे, हे काम कागदावर किरकोळ दिसत असले तरी त्याचे मोल या आकड्यांच्या प्रकाशात पाहावे लागते.

या प्रश्नाला पद्धतशीरपणे हात घालण्याचा मान डेन्मार्कमधील ओडेन्सी शहराकडे जातो. १९७०च्या दशकात लहान मुलांच्या रस्त्यावरील अपघातांच्या बाबतीत डेन्मार्क पश्चिम युरोपात सर्वांत बदनाम होता. ओडेन्सीच्या नगरपालिकेने वाहतुकीच्या तज्ज्ञांना नकाशे काढायला बसवण्याआधी शाळेतील मुलांनाच विचारले, की तुम्हाला कोठे भीती वाटते. आणि मुलांनी दाखवलेल्या जागा एकामागून एक दुरुस्त करत नेल्या, कोठे पादचाऱ्यांसाठी रस्त्याच्या मध्यभागी विसाव्याचे बेट केले, कोठे रस्ता अरुंद केला, कोठे स्वतंत्र पायवाट काढली. ही कल्पना अटलांटिक ओलांडून १९९७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पोचली. पुढे मिनेसोटाचे लोकप्रतिनिधी जेम्स ओबरस्टार यांच्या आग्रहामुळे २००० साली संघ सरकारने दोन ठिकाणी प्रयोगासाठी प्रत्येकी ५० हजार डॉलर्स मंजूर केले. त्यांतील एक ठिकाण मॅसॅच्युसेट्समधील आर्लिंग्टन, आणि दुसरे वर उल्लेखिलेली मरिन कौंटी. ‘शाळेचे सुरक्षित मार्ग’ या नावाने अमेरिकेत पुढे रूढ झालेल्या चळवळीचे एक मूळ त्या लहानशा कौंटीत आहे, आणि डेब हबस्मिथ व वेंडी कॅलिन्स या दोन कार्यकर्त्या स्त्रियांच्या नावांवाचून तिचा इतिहास पुरा होत नाही.

मरिनच्या प्रयोगात सामील झालेल्या शाळांचा दोन वर्षांचा जमाखर्च २००३ साली अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पायी येणाऱ्या मुलांची संख्या ६४ टक्क्यांनी, सायकलीने येणाऱ्यांची ११४ टक्क्यांनी, आणि दोनतीन कुटुंबांनी मिळून एकाच मोटारीतून मुले आणण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांनी वाढले. एकेका मुलाला घेऊन येणाऱ्या मोटारी ३९ टक्क्यांनी कमी झाल्या. मूळ संख्या लहान असली की टक्केवारी डोळे दिपवते, हे ध्यानात ठेवून जाणत्या वाचकाने पहिले तीन आकडे थोड्या सावधपणे वाचावेत. शेवटचा आकडा मात्र मोठ्या संख्येवरून खाली आलेला असल्यामुळे तो मला अधिक बोलका वाटतो.

या यशानंतर संघ सरकारची थैली मोकळी झाली. २००५ सालच्या वाहतूकविषयक कायद्याने या कार्यक्रमासाठी पाच वर्षांत ६१ कोटी २० लाख डॉलरांची तरतूद केली, आणि प्रत्येक राज्याला, मग ते कितीही लहान असो, वर्षाला निदान दहा लाख डॉलर्स मिळतील अशी तजवीज केली. परंतु अशा मोठ्या अनुदानाचा एक स्वभाव असतो. या रकमेपैकी ७० ते ९० टक्के रक्कम बांधकामावरच खर्च व्हावी असा दंडक होता, आणि उरलेली रक्कम शिक्षण, प्रोत्साहन व कायद्याची अंमलबजावणी यांसाठी राखलेली असली तरी दरमहा द्यावे लागणारे वेतन, उदाहरणार्थ रस्ता ओलांडून देणाऱ्या रक्षकाचे वेतन, तिच्यातून देण्याची सोय नव्हती. अनुदान एकदा येते, फीत कापली जाते, छायाचित्र निघते. आणि पुढील जून महिन्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसट झाले, किंवा पालकांना एकत्र आणणारी समन्वयक बाई नोकरी सोडून गेली, म्हणजे त्या कामाला वाली राहत नाही. त्यात २०१२ साली संघाने हा कार्यक्रम स्वतंत्र न ठेवता इतर अनेक कामांच्या गाठोड्यात बांधला, आणि खर्चाचा काही वाटा स्थानिक संस्थेने स्वतःच्या खिशातून घालावा अशी अट आली. ज्या गावाजवळ स्वतःचे वीस डॉलर्स नाहीत त्याला संघाचे ऐंशी डॉलर्सही दुरूनच पाहावे लागतात. मुलांच्या वाटेला मोठ्या पण लहरी दानापेक्षा लहान आणि अखंड झऱ्याची गरज अधिक आहे, हे अशा अनुभवांतून कळते. आणि वाहनशुल्काचे महत्त्व माझ्या मते याच एका गोष्टीत आहे.

असा झरा काढायचा कोठून, हा प्रश्न कॅलिफोर्नियात इतर कोठल्याही राज्यापेक्षा अवघड आहे. १९७८ साली मतदारांनी तेरावा प्रस्ताव संमत करून घरपट्टीसारख्या मालमत्ता-करावर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्याची मर्यादा घातली आणि ते मूल्य दरसाल दोन टक्क्यांहून अधिक वाढू नये असा निर्बंध केला. शिवाय स्थानिक संस्थेला एखाद्या विशिष्ट कामासाठी कर बसवायचा असेल तर दोन-तृतीयांश मतदारांचा कौल आवश्यक ठरवला. तेव्हापासून तेथील नगरपालिकांचा आणि कौंट्यांचा कारभार हा एक प्रकारचा तारेवर चालण्याचा खेळ होऊन बसला आहे. मोटारीकडे हात वळवावा, तर तेथेही इतिहास अनुकूल नव्हता. मोटारीच्या किमतीवर आकारला जाणारा परवाना-आकार १९३५ पासून चालत आलेला. त्याचा दर दोन टक्के होता, तो १९९८ नंतर टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आला. २००३ साली राज्याचा खजिना रिता झाल्यावर गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या कारकिर्दीत तो पूर्ववत दोन टक्के करण्यात येताच मोटारवाल्यांची मागणीपत्रे एकदम तिपटीच्या घरात गेली आणि लोक खवळले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मतदारांनी डेव्हिस यांना मुदतीपूर्वीच पदावरून दूर केले. कारणे इतरही होती, पण मोटारीचा कर हे त्यांतले सर्वांच्या तोंडी असलेले कारण होते. त्यांच्या जागी आलेले चित्रपटनट आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी १७ नोव्हेंबर २००३ रोजी शपथ घेतली आणि पहिल्याच दिवशी ती वाढ रद्द केली. मोटारीवर कर बसवणाऱ्याची काय अवस्था होते याचा असा धडा समोर असताना पुढील पाचसहा वर्षांत पुन्हा त्याच दिशेने पाऊल टाकणारे लोक निघावेत, हे धाडसच म्हणायचे. आणि त्यांनी दहा डॉलरांवर थांबावे, हा शहाणपणा.

२००९ साली राज्य विधिमंडळात सिनेटर लोनी हँकॉक यांनी मांडलेले विधेयक क्रमांक ८३ मंजूर झाले. वाहतुकीच्या गर्दीचे नियोजन पाहणाऱ्या कौंटी पातळीवरील संस्थेला मतदारांपुढे ठराव ठेवून दर वाहनामागे दहा डॉलरांपर्यंत वार्षिक शुल्क बसवण्याची मुभा त्याने दिली. खर्चाची योजना मतदानापूर्वी जाहीर करावी, व्यवस्थापनावर पाच टक्क्यांहून अधिक खर्च होऊ नये, आणि मंजुरीला साधे बहुमत पुरे, असे त्याचे दंडक होते. पण त्यातील सर्वांत सूक्ष्म अट निराळीच होती: ज्या कामांवर हा पैसा खर्च होईल त्यांचा, शुल्क भरणाऱ्या मोटारवाल्यांशी काही संबंध असला पाहिजे, किंवा त्या कामांपासून त्यांना काही लाभ झाला पाहिजे. शुल्क आणि कर यांतील भेद कायदेपंडित येथेच करतात. कर हा राज्याच्या सर्वसाधारण खर्चासाठी असतो आणि भरणाऱ्याने त्याच्या मोबदल्यात काही मागू नये अशी अपेक्षा असते. शुल्क घेणाऱ्याला मात्र त्याचा मोबदला दाखवून द्यावा लागतो.

मग मुलांच्या चालण्याचा मोटारवाल्याला काय मोबदला? प्रथमदर्शनी हा प्रश्न निरुत्तर करणारा वाटतो, कारण जो पायी जात नाही त्याच्याकडून पायी जाणाऱ्यासाठी पैसे घ्यायचे, आणि तेही परोपकार म्हणून न घेता हक्काने घ्यायचे, ही गोष्ट वरवर पाहता उलटी दिसते. पण सकाळच्या वाहतुकीचा पाचवा हिस्सा शाळेच्या फेऱ्यांचा आहे हे मरिनचे निरीक्षण आठवावे. पायी गेलेले प्रत्येक मूल रस्त्यावरून एक मोटार कमी करते, आणि त्या मोकळ्या झालेल्या रस्त्याचा उपभोग मोटारवालाच घेतो. शिवाय मुलांच्या वाटेवरील धोका हा आकाशातून पडलेला नाही. तो वाहनांच्या संख्येतून आणि वेगातून उत्पन्न झालेला आहे, तेव्हा त्याच्या परिमार्जनाचा अल्पसा भार वाहनाने उचलावा, यात अन्याय नाही. हेच तत्त्व सॅन मटेओ कौंटीने याआधी पावसाच्या पाण्याच्या बाबतीत वापरून पाहिले होते. २००४ सालच्या एका कायद्यान्वये तेथे दर मोटारीमागे चार डॉलर्स घेतले जात, आणि त्यांतील निम्मी रक्कम मोटारींतून गळणारे तेल, ब्रेकच्या घर्षणातून झडणारे तांबे इत्यादी मळ पावसाच्या पाण्याबरोबर वाहून उपसागरात जाऊ नये यासाठी खर्च होई. मोटारीच्या तेलापासून खाडी वाचवण्याचा खर्च मोटारवाल्याने द्यावा हे ज्याला पटले, त्याला मोटारीपासून मूल वाचवण्याचा खर्च पटवून देणे फारसे जड जाऊ नये.

२ नोव्हेंबर २०१० रोजी उपसागराभोवतीच्या सात कौंट्यांत हे ठराव मतदानाला आले. अ‍ॅलामीडा, मरिन, सॅन फ्रान्सिस्को, सॅन मटेओ आणि सँटा क्लारा या पाच ठिकाणी ते संमत झाले. काँट्रा कोस्टा आणि सोनोमा येथे पडले. पण त्या दिवसाची खरी गंमत दुसरीच आहे. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सव्विसावा प्रस्तावही संमत केला. आणि त्या प्रस्तावाने शुल्क या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या बऱ्याचशा आकारांना कराच्या पंक्तीत बसवून त्यांना दोन-तृतीयांश मतांची अट लावली. सॅन फ्रान्सिस्कोतील ठरावाला सुमारे ६० टक्के मते पडली होती. नव्या नियमाने तो पडलाच असता. जुन्या दाराने आत शिरणारा हा शेवटचा पाहुणा. तो आत आला आणि त्याच्या पाठोपाठ दार बंद झाले.

पैशाची वाटणी प्रत्येक कौंटीने आपापल्या मगदुराप्रमाणे केली. वाचकांच्या मनात एक गैरसमज राहू नये म्हणून आधीच सांगितले पाहिजे, की या दहा डॉलरांचा सिंहाचा वाटा मुलांच्या पदरी पडत नाही. तो रस्त्यांच्या डांबराकडेच जातो. अ‍ॅलामीडात ६० टक्के रक्कम स्थानिक रस्त्यांच्या दुरुस्तीला आणि अवघी ५ टक्के पादचारी व सायकलस्वारांना. सॅन फ्रान्सिस्कोत वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर्स जमतात. त्यांतील निम्मे रस्तेदुरुस्तीला, पाव हिस्सा सार्वजनिक वाहतुकीला आणि पाव हिस्सा पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेला दिलेला आहे, आणि यादीतील कामे लहान, झटपट पुरी होणारी व डोळ्यांना दिसणारी असावीत असे धोरण आहे. सॅन मटेओत वर्षाला सुमारे ६७ लाख डॉलर्स येतात. व्यवस्थापनाचा खर्च वजा जाता उरलेली निम्मी रक्कम गावोगावच्या नगरपालिकांना मिळते. कौंटीने स्वतःकडे ठेवलेल्या निम्म्यातून सार्वजनिक व वृद्धांच्या प्रवासाला एकंदराच्या २२ टक्के, पावसाच्या पाण्याला १२, सिग्नलांच्या अद्ययावत यंत्रणेला १० आणि शाळेच्या सुरक्षित मार्गांना ६ टक्के असा हिशेब आहे. म्हणजे वर्षाला चार लाख डॉलरांच्या थोडे आत. दर मोटारीमागे हा आकडा साठ सेंटही भरत नाही, आणि तेथे तेवढ्यात एक पेला चहाही येत नाही.

मग एवढ्याशा पैशात होते काय? बांधकामाच्या भाषेत बोलायचे तर फार नाही. झळकते दिवे बसवलेला एक पादचारी-मार्ग, उंचावलेले झेब्रा पट्टे, वळणाजवळ रस्त्यात पुढे सरकवलेला पदपथाचा कोपरा, ही प्रत्येक गोष्ट अमेरिकन मजुरीच्या दराने हजारो, कधी लाखो डॉलर्स घेते. पण सॅन मटेओने हा निधी कौंटीच्या शिक्षण कार्यालयाच्या हाती सोपवला, आणि शिक्षण कार्यालयाने तो मुख्यतः माणसांवर खर्च केला. रस्ता बांधणाऱ्या खात्याला शाळेचे वेळापत्रक ठाऊक नसते आणि शाळेला रस्त्याचा मालक कोण हे ठाऊक नसते. या दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही पत्रे लिहिणारा, आणि पत्रांना उत्तर येईपर्यंत पाठ न सोडणारा, असा एक पगारी माणूस लागतो. त्याचे पहिले काम म्हणजे शाळेच्या वेळी प्रत्यक्ष वाटेने चालून पाहणे. मुख्याध्यापक, दोनचार पालक, नगरपालिकेचा अभियंता आणि पोलीस असे सारे सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास एकत्र निघतात. पदपथ कोठे तुटला आहे, कुंपणाची झुडपे कोठे वाढून मुलाला झाकतात, सिग्नलचा हिरवा दिवा लहान पावलांना पुरतो की नाही, आणि मुलांना उतरवणाऱ्या मोटारी नेमक्या कोणत्या जागी दोन रांगांत उभ्या राहतात, याची नोंद जागच्या जागी होते. यातील निम्म्या गोष्टी रंगाच्या एका डब्याने किंवा झुडुपे छाटण्याच्या कात्रीने दुरुस्त होणाऱ्या असतात. त्या आजवर झाल्या नाहीत, कारण त्यांची दरखास्त कोणी केली नव्हती.

दुसरे काम पालकांना एकत्र आणण्याचे. ‘चालती शाळा-बस’ ही त्यातील सर्वांत सुटसुटीत युक्ती. एक किंवा दोन पालक ठरावीक वेळी ठरावीक वाटेने निघतात, वाटेतल्या थांब्यांवर मुले सामील होत जातात, आणि पंधरावीस मुलांचा तांडा शाळेच्या दाराशी पोचतो. एकटे मूल चालकाला दिसत नाही, तांडा दिसतो. आठ कुटुंबांनी वार वाटून घेतले की प्रत्येक पालकाची पाळी आठपंधरा दिवसांनी एकदा येते, आणि उरलेल्या दिवशी त्याची मोटार शाळेकडे फिरकतही नाही. याला सिमेंट लागत नाही, विटा लागत नाहीत. यादी करणारा, फोन करणारा, आणि पहिल्या पावसात उत्साह ओसरू लागला म्हणजे पुन्हा सर्वांना गोळा करणारा मनुष्य मात्र लागतो. तोच नेमका संघ सरकारच्या एकरकमी अनुदानात वर्षानुवर्षे बसत नव्हता.

तिसरे काम रस्ता ओलांडून देणाऱ्या रक्षकांचे, आणि त्यासाठी पुन्हा मरिनकडे वळले पाहिजे. मरिनच्या मतदारांनी २००४ सालीच अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर मंजूर केला होता आणि त्याच्या उत्पन्नातील ११ टक्के शाळेच्या वाटांसाठी राखून ठेवले होते. त्याचे तीन भाग केले होते: शिक्षण, रक्षक आणि बांधकाम. पण विक्रीकराचे उत्पन्न बाजार मंदावला की घटते, आणि २००८ नंतरच्या मंदीत बाजार मंदावलाच. मंदीत लोक नवे कपडे घेत नाहीत, पण असलेली मोटार नोंदणीवाचून ठेवत नाहीत. २०१० सालच्या दहा डॉलरांच्या शुल्कातून मरिनला वर्षाला सुमारे २० लाख डॉलर्स मिळू लागले, आणि त्यांतील गर्दी व प्रदूषण कमी करण्यासाठी राखलेल्या २५ टक्क्यांच्या हिश्शातून या रक्षकांना टेका मिळाला. हातात थांबण्याचा फलक घेऊन सकाळी तासभर आणि दुपारी तासभर चौकात उभे राहणारा हा मनुष्य म्हणजे या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि, पालकांना विचाराल तर, सर्वांत विश्वासार्ह यंत्र. त्याला पाहूनच आई मुलाचा हात सोडते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप रास्त आहे: दहा डॉलर्स हे सर्वांना सारखेच. बागेत काम करणाऱ्या माळ्याच्या पंधरा वर्षांच्या खटाऱ्यालाही दहा, आणि संगणक-कंपनीच्या अधिकाऱ्याच्या लाख डॉलरांच्या मोटारीलाही दहा. मोटार जितकी जड आणि जितकी उंच तितकी ती लहान मुलाला अधिक घातक, हे विज्ञान सांगते. शुल्क मात्र वजन पाहत नाही, किंमत पाहत नाही, आणि वर्षात किती मैल चालली हेही पाहत नाही. वसुलीला सोपे आणि न्यायाला अधुरे, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. या आक्षेपाला उत्तर म्हणून कोणी दंडाचा मार्ग सुचवतात. वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल शहराने तो चोखाळला आहे. तेथे शाळांजवळ वेगमर्यादा मोडणाऱ्यांची छायाचित्रे टिपणारे कॅमेरे २०१२ च्या अखेरीपासून बसवण्यात आले आणि त्या दंडाचा पैसा शाळांच्या वाटांवर खर्च होऊ लागला. जो धोका उत्पन्न करतो त्यानेच भरावे, हे ऐकायला न्याय्य वाटते आणि आहेही. पण दंडाच्या निधीला एक अंगभूत व्यंग असते: चालक शहाणे झाले की तो आटतो, आणि न आटावा असे वाटू लागले तर अधिकाऱ्याचे हित चालकाच्या बेशिस्तीत गुंतते. म्हणून दंड बांधकामाला ठीक, पगाराला नव्हे. त्या शहरातही वार्षिक वाहनशुल्क स्वतंत्रपणे आहेच. ते २०११ साली २० डॉलरांवर सुरू झाले आणि २०२१ साली ४० डॉलर्स झाले. मधल्या काळात, २०१९ साली, राज्यभरातील मतदारांनी अशा शुल्कांना कात्री लावणारा प्रस्ताव संमत केला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो घटनाबाह्य ठरवला म्हणून ते वाचले.

दुसरा आक्षेप मला अधिक चिंताजनक वाटतो. राखीव निधी एकदा मिळाला की नगरपालिका आपल्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून त्या कामाला जे काही देत होती ते हळूच काढून घेते, आणि वर्षअखेरीस मुलांच्या वाट्याला पूर्वीइतकेच येते. याला कायद्यात बंदोबस्त असतो, पण तो हिशेब तपासणाऱ्या नागरिकांच्या चिकाटीवरच उभा असतो.

हे वाचून आपल्याकडील वाचकाच्या मनात साहजिकच येईल, की मोटारींचा पूर आपल्याही शहरांत आला आहे, मग आपल्या महापालिकांनी असे शुल्क का घेऊ नये. उत्तर घटनेत आहे. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवरील कर हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात तो १९५८ च्या कायद्यान्वये राज्य शासन वसूल करते, आणि खासगी वाहनाच्या बाबतीत तो सामान्यतः नोंदणीच्या वेळी एकदाच घेतला जातो. कर राज्याच्या तिजोरीत, पदपथ महापालिकेच्या माथी. महापालिकेच्या हातात खरोखर असलेले साधन म्हणजे वाहन उभे करण्याच्या जागेचे भाडे. पुण्याच्या महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१८ साली वाहनतळाचे शुल्कधोरण मंजूर केले. पहिल्याचे कौतुक झाले, आणि दुसरे विरोधामुळे अडकून पडले. या दोन धोरणांची गाठ घालून, अमुक रस्त्यावरील वाहनतळाचे भाडे त्याच प्रभागातील शाळेच्या वाटेवर खर्च होईल असे लेखी आश्वासन नागरिकांना दिले असते, तर विरोधाची धार थोडी तरी बोथट झाली असती असे मला वाटते. आपली असंख्य मुले आजही पायीच शाळेत जातात, ती धोरणामुळे नव्हे तर गरजेमुळे; आणि ऐपत आली की हेच आईबाप आधी मुलाला दुचाकीवर पुढे उभे करतील. अमेरिकेने गमावून पुन्हा विकत घेतलेली वस्तू आपल्याजवळ अजून फुकट आहे.

उपसागराकाठच्या त्या शुल्कांपैकी सॅन मटेओच्या शुल्काला मतदारांनी पंचवीस वर्षांची मुदत घातली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या शुल्काला तीस वर्षांची. सॅन मटेओची मुदत २०३६ साली संपते. त्यानंतर कौंटीच्या संस्थेने तोच ठराव पुन्हा मतदारांपुढे ठेवला, तर त्याला या वेळी साधे बहुमत पुरणार नाही. दर तीन मतदारांपैकी दोघांचा होकार मिळवावा लागेल.